कार्मिनबायच्या मेणाच्या किडन्या

पंधरा ऑगस्टला चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं, आणि तिथं कार्मिनबायने जो गोंधळ घातला तो वसईच्या पाचूबंदरात अजून तिखटमीठ लावून सांगितला जातो. सांगणाऱ्यांना सांगू दे. खरं घडलं ते एवढंच. तिचा धाकटा मुलगा गॅब्रिएल, वय तेवीस, बापाच्या बोटीवर खलाशी आणि गावच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, मित्रांच्या जोडीने रक्त द्यायला रांगेत उभा राहिला. नर्सने दंडाला पट्टा बांधून हवा भरली, भुवया वर केल्या, पुन्हा हवा भरली आणि म्हणाली, "तुमचं रक्त नाही घेता येणार. प्रेशर फार आहे."

हॉलपासून बंदर असं कितीसं लांब? गॅब्रिएल घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. कार्मिनबाय अंगणात मासे खारवत होती. हात तसेच मिठाने माखलेले, लुगडं तसंच वर खोचलेलं, आणि बाई निघाली तरातरा.

"माझ्या पोराचं रक्त का नाय घेतलं?" हॉलच्या दारातूनच तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "काय खराब हाय त्याच्या रक्तात? त्या फ्लोराच्या पोराचं घेतलंत, तो तर बोटीवर चढतानाच धापा टाकतो!"

फ्लोरा म्हणजे तिची सख्खी जाऊ. आणि फ्लोराचा पोरगा तिथंच खाटेवर आडवा होता, हाताला सुई लावून. आता बोला!

शिबिराचा डॉक्टर बिचारा शांत माणूस. तो म्हणाला, "मावशी, रक्त खराब नाही. पण या वयात एवढं प्रेशर म्हणजे मागे काहीतरी कारण असणार. किडनी तपासून घ्या."

"किडनी? अवो, लघवीला तर धो धो होते त्याला!"

हे तिने भरल्या हॉलसमोर सांगितलं. गॅब्रिएल मागच्या दाराने जो सटकला, तो संध्याकाळपर्यंत कुणाला दिसला नाही.

कार्मिनबाय हे काय प्रकरण होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माहेर पाचूबंदरातच, सासर दोन गल्ल्या पलीकडे. नवरा लॉरेन्स बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालायची. घरात मात्र तो मुकाट. बायकोचं बोलून झाल्यावर बोलायला काही उरतच नसे, तो तरी काय करणार? दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या, गॅब्रिएल शेंडेफळ. कार्मिनबाय बंदरावरच्या लिलावात मासे घ्यायची, खारवायची, बांबूच्या मांडवावर वाळवायची आणि डोक्यावर पाटी घेऊन वसईच्या बाजारात, पार चांदीपपर्यंत विकून यायची. मिठाने तिचे तळवे चिरलेले असत. पायाला भिंगरी. छप्पर गळलं तर नवऱ्याची वाट न पाहता स्वतः वर चढणारी, इंजिन बिघडलं तर मेकॅनिकला जेवणावरून उठवून आणणारी बाई. काही बिघडलं की काहीतरी करायचं, हे तिला माहीत होतं. करण्यासारखं काही नाही, असं कुणी म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि नेमकं तेच तिच्या नशिबी यावं!

स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात दर शनिवारी किडनीच्या डॉक्टर यायच्या, ज्ञानदा साठे नावाच्या. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली. मग मायलेक त्यांच्यासमोर बसले.

"दोन्ही किडन्या जरा लहान आहेत आणि त्यांच्यावर जुने वण दिसतायत," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणी याला वारंवार ताप यायचा का? थंडी वाजून? लघवीला जळजळ?"

कार्मिनबायला आठवलं. यायचा ना. दर पावसाळ्यात यायचा. ती कपाळावर ओली पट्टी ठेवायची, नजर काढायची, तापाची गोळी द्यायची. ताप उतरला की पोरगं पुन्हा खाडीत डुंबायला मोकळं. कोण नेतंय डॉक्टरकडे तापासाठी?

"म्हनजे माझ्यामुळं झालं?"

"असं मी म्हटलं नाही हं. तेव्हा डॉक्टरकडे नेलं असतं तरी कळलंच असतं असं नाही. नक्की कशाने झालं ते आज कुणीच सांगू शकणार नाही."

हे 'कुणीच सांगू शकणार नाही' तिच्या घशात काट्यासारखं अडकलं. डॉक्टर पुढे सांगत होत्या. किडनी रक्त गाळते, शरीरातली घाण बाहेर टाकते, मीठ-पाणी जागेवर ठेवते, प्रेशरही सांभाळते. गॅब्रिएलचं हे सगळं काम जेमतेम चाळीस टक्के चालू होतं. लघवी भरपूर होते म्हणून किडनी चांगली असं नसतं. पाणी बाहेर पडतं, घाण मागे राहते. आणि बरंच नुकसान होईपर्यंत माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही.

"दर्यावर जाऊ ना?" गॅब्रिएलने विचारलं. "ट्रम्पेट?"

"दोन्ही कर. लग्नही कर. फक्त प्रेशरची गोळी रोज घ्यायची, खारं-सुकं बंद, आणि दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत. डोकं दुखो, कंबर दुखो, मला विचारल्याशिवाय एकही नाही. त्या किडनीला थेट मारतात. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, या नव्या गोळीवर लक्ष ठेवावं लागतं. मग दर तीन महिन्यांनी."

तेवढ्या वेळात कार्मिनबायने मनातल्या मनात हिशेब मांडला होता. दोन किडन्या. चाळीस टक्के. म्हणजे एक पार गेली आणि दुसरी जवळजवळ चांगली. "एक गेली तर गेली, एक हाय ना," ती स्वतःशीच पुटपुटली. डॉक्टर गॅब्रिएलशी बोलत होत्या, त्यांच्या कानावर ते गेलं नाही. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

"बरी कधी होईल?" तिने विचारलं.

"गेलेलं परत येत नाही, मावशी. उरलेलं जपायचं."

"जाळं फाटलं तर आम्ही शिवतो."

"हे शिवता येत नाही. आणखी फाटू नये एवढंच बघायचं."

"मंग आज काय करायचं?"

"जे सांगितलं तेच."

एवढंच? रिक्षात बसल्यापासून बाईच्या जिवाची नुसती घालमेल. घरी आल्या आल्या तिने फडताळातल्या दुखण्याच्या गोळ्या काढल्या. त्या घरात त्या गोळ्या बडीशेपेसारख्या असायच्या. तिच्या गुडघ्यांना, गॅब्रिएलच्या डोक्याला आणि कमरेला. जाळं ओढून आला की एक, बँडची प्रॅक्टिस झाली की एक. तिनेच आणून ठेवलेल्या. सगळ्या पट्ट्या तिने खाडीत फेकल्या. खाडीतल्या माशांची तरी डोकेदुखी गेली असेल!

मिठाचंही जमवलं. त्याचं कालवण वेगळं, भात वेगळा, सुकी मच्छी ताटाजवळ फिरकू द्यायची नाही. पण हे सगळं न करण्यातलं होतं. हे देऊ नको, ते घालू नको. कार्मिनबायला काहीतरी करायचं होतं, चार हातांनी. तिने विचारायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे विचारलं की सांगणाऱ्यांना काय तोटा? किडनी म्हटलं की जगाला एकच माहीत, स्टोन. एकीने कुळथाचं पाणी सांगितलं. जूचंद्रचा कुणीतरी मुळी उगाळून देतो असं कळलं, ही जाऊन घेऊन आली. गॅब्रिएलने ती मुळी पुडीसकट बाहेर भिरकावली. मग फ्लोराने सांगितलं, रक्तदानाचं सगळं विसरून, बरं का, की शहाळं म्हणजे अमृत, किडनी आतून धुऊन काढतं. आणि आगाशीची वसुंधरा राऊत, जी कार्मिनबायकडून सुके बोंबील घेऊन बदल्यात आपल्या घरची सुकेळी द्यायची, ती म्हणाली, "पोराला ताकद हवी. वाळवलेल्या राजेळी केळ्यात आहे ती आणखी कशात नाही."

झालं! सकाळी शहाळं, दुपारी शहाळं, संध्याकाळी शहाळं. मधल्या वेळेला सुकेळी. बोटीवर जाताना पिशवीत सुकेळी.

"आय, पोट हाय का पिंप?" गॅब्रिएल वैतागायचा.

"पी मुकाट्यानं. धुऊन निघते आतून."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून तो प्यायचा. त्याचंही डोकं फिरल्यासारखंच झालं होतं. पोरगा जाळं ओढत होता, पोहत होता, ट्रम्पेट फुंकला की खाडीच्या पलीकडे ऐकू जात होता. मग आजार कुठाय? आरशात बघायचा, डोळे ताणून, जीभ काढून. काही नाही. मित्र विचारायचे, "काय रे, कसं वाटतंय?" आणि त्याला काही वाटतच नसे! हातपाय मोडला तर दाखवता तरी येतो. घरात आईचे डोळे सारखे आपल्या तोंडावर, म्हणून तो घरात थांबेना. ट्रम्पेटची पेटी उचलायचा आणि निघायचा. कुठं चाललास म्हटलं की, "प्रॅक्टिसला." एवढी कसली प्रॅक्टिस, देव जाणे.

सप्टेंबरात वांद्र्याला मोत माऊलीची जत्रा. नवस बोलायचा तर तिथं मेणाचा अवयव वाहायचा, ही पद्धत. हात दुखला तर मेणाचा हात, पाय तर पाय. गर्दीतून वाट काढत कार्मिनबाय मेणवालीपाशी पोचली. मागे गॅब्रिएल, मान खाली घालून.

"किडनी द्या."

"काय?"

"किडनी. मेनाची."

मेणवालीने सगळा माल दाखवला. हात, पाय, डोळे, हृदय, पाळण्यातलं बाळ, घर. परदेशी नोकरी हवी असणाऱ्यांसाठी विमानसुद्धा. किडनी नव्हती.

"विमान मिळतं आनि किडनी मिळत नाय?" कार्मिनबाय कडाडली. "मानसाला आधी काय लागते, किडनी का विमान?"

गॅब्रिएल म्हणाला, "आय, चल ना, लोक बघतायत."

पण ती ऐकते कशाला! तिने जाडजूड मेणबत्ती घेतली, कडेला उकिडवी बसली, उन्हात आणि तळव्यात मेण मऊ करून वळायला लागली. बकऱ्याचा गुर्दा तिने शंभरदा चिरला होता, आकार हाताला पाठ. मधे खाच, दोन्ही बाजूंना गोलाई. झकास जमली.

"एकच?" गॅब्रिएलने विचारलं.

"एकच तर बिघडलीय."

तो काहीतरी बोलणार होता. पण या बाईला पुन्हा पहिल्यापासून समजवायचं म्हणजे! त्याने सोडून दिलं. माऊलीच्या पायाशी ती एकुलती एक किडनी वाहिली गेली, आणि कार्मिनबायचा जीव त्या दिवसापुरता तरी भांड्यात पडला.

दोन आठवड्यांची तपासणी त्याच सुमारास आली. रक्त देऊन आले, आणि दुपारी फ्लोराच्या घरचा फोन वाजला; दवाखान्यात नंबर तोच दिला होता. डॉक्टर साठे स्वतः होत्या. "गॅब्रिएलला लगेच हॉस्पिटलला आणा. आहे तसा. आत्ता."

दोन दिवस तो म्हणत होता, पायात जीव नाही, कापसाचे झाल्यासारखे वाटतात. कार्मिनबायने त्यावरही एक जास्तीचं शहाळं पाजलं होतं. रिक्षात ती रिक्षावाल्याच्या मानगुटीवर बसल्यासारखी पुढे वाकून "चल, चल" करत होती. लॉरेन्स दर्यावर होता. हॉस्पिटलात पोराच्या छातीला वायरी लावल्या, हाताला सलाईन लावलं, दोन माणसं धावपळ करायला लागली. बऱ्याच वेळाने डॉक्टर साठे खाटेशी आल्या.

"रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय. तो एक क्षार असतो, किडनी तो बाहेर टाकते. याच्या किडनीला तेवढं झेपत नाही, त्यात प्रेशरच्या गोळीनेही तो थोडा वाढतो. याला खायला काय देत होतात?"

शेवटी विचारलं कुणीतरी! कार्मिनबायने अभिमानाने सांगायला घेतलं. शहाळी. सुकेळी. कुळथाचं पाणी. पुन्हा शहाळी. बोलता बोलता तिला दिसलं की डॉक्टर लिहायच्या थांबल्या आहेत.

"मावशी, शहाळ्यात आणि केळ्यात तोच क्षार ठासून भरलेला असतो. धडधाकट माणसाला चालतं. याचं यानं हृदय बंद पडलं असतं."

तोंडात मारावी तसं झालं तिला. ज्या हातांनी त्याला शहाळं सोलून दिलं, त्या हातांकडे ती बघत राहिली.

"आणि दुखण्याच्या गोळ्या?" डॉक्टरांनी गॅब्रिएलला विचारलं. "त्यांनीही हेच होतं. खरं सांग."

"नाय," गॅब्रिएल म्हणाला.

"त्याला नका विचारू," कार्मिनबाय मधेच म्हणाली. आवाज फाटला होता. "गोळ्या मी सगळ्या खाडीत टाकल्या. माझं पोरगं खोटं बोलत नाय. जे केलं ते मी केलं. माझ्या हातानं पाजलं मी त्याला."

गॅब्रिएलने तोंड भिंतीकडे वळवलं. तिला वाटलं, आपला राग आलाय. यायलाच पाहिजे.

संध्याकाळपर्यंत क्षार उतरला. धोका टळला. बाहेरच्या बाकावर कार्मिनबाय बसली होती; अशी रिकामी बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. डॉक्टर जाता जाता थांबल्या.

"वाचला. किडनीचं काम थोडं खाली आलंय, पण सावरेल बहुतेक."

"दुसरी तरी नीट हाय ना?"

"दुसरी कोणती?"

"चांगली. एक गेली ना, ती नाय. उरलेली."

डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या. बाईच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, मी नीट सांगितलं नाही, माझंच चुकलं. एक मेली आणि एक जिवंत असं नाही हो. होडीला दोन माणसं वल्ही मारतायत असं समजा. दोघंही थकलेले. दोघं मिळून अर्ध्याहून कमी ताकद. होडी चालते, पण त्यांच्यावर जास्तीचा भार टाकायचा नाही. सुट्टीवर गेलेला कुणी नाही, मदतीला येणारा कुणी नाही."

 कार्मिनबाय म्हणाली, "मी माऊलीला पन अर्धंच सांगितलं."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

"आनि ती दोघं पार थकली की?"

"मग मशीनवर रक्त धुवावं लागतं, नाही तर दुसऱ्याची किडनी बसवावी लागते. पण ती वेळ दहा वर्षांनी येईल, वीस वर्षांनी येईल, नीट जपलं तर कदाचित येणारच नाही. आज त्याची गरज नाही."

"माझी एक घ्या." ती उठूनच उभी राहिली, जणू आत्ताच काढून देते. "कशाला थांबायचं वीस वर्षं? आज घ्या. मला दोन हायेत, दोन्ही धडधाकट हायेत, बघा, या वयात डोक्यावर पाटी घेऊन चांदीपला जाते मी. घ्या आनि लावा त्याला. सुटू दे एकदाचा."

"सहज हात पुढे करा," डॉक्टर म्हणाल्या. नर्सकडून पट्टा मागवला, दंडाला बांधला, हवा भरली. त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हवा भरली.

कार्मिनबायला हे सगळं ओळखीचं होतं.

"मावशी, तुमचंच प्रेशर त्याच्यासारखं आहे. गुडघ्यांसाठी किती वर्षं दुखण्याच्या गोळ्या घेत होतात? आणि जेवणात खारं रोज? आज तुम्ही स्वतःहून दिलीत तरी मी घेणार नाही. कुणीच घेणार नाही."

या खेपेला गोंधळ घालायला ती धावली नाही. पदर तोंडाला लावून रडली, मोठ्याने, आल्यागेल्याची पर्वा न करता. पोराला पाजायचं ते विष निघालं, द्यायचं ते कुणी घेत नाही. आई म्हणून आणखी उरतं काय?

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं. "किती दिवसांत घेन्यासारखी होईल?"

"प्रेशर आटोक्यात ठेवा. गोळ्या बंद, मीठ कमी, वजन कमी, रोज चाला. वर्षभराने बघू. आणि हे त्याला आत्ता सांगायची गरज नाही, उगाच ओझं होईल."

आणि मग पाचूबंदराने ते दृश्य बघितलं. खाऱ्या माशांची बाई आळणी जेवायला लागली. गॅब्रिएलचं आणि तिचं एकाच भांड्यात शिजायचं. मांडवावर बोंबील वाळतायत, हात मिठात बुडलेले, आणि ही जेवताना मिठाची बरणी लांब सरकवून ठेवते. फ्लोराने टिंगल केली, "कार्मिन, उद्या दर्याचं पन पानी गोडं करशील!" गुडघे ठणकायचे; ती वाळू तापवून शेकायची आणि दात आवळून बसायची, पण गोळी नाही. पाटी हलकी केली, चांदीपच्या फेऱ्या सोडल्या. रोज संध्याकाळी बंदरावरून किल्ल्यापर्यंत चालत जायची, काही न विकता, काही न आणता, नुसतं चालायचं म्हणून. बाई चळली, असं लोक म्हणाले. तिचा जीव आतून धावतच असायचा. काहीतरी करावं, कुठंतरी जावं, कुणाशी तरी भांडावं. पण करायचं होतं ते हेच, रोज तेच, आणि त्याचं फळ डोळ्यांना दिसणार नव्हतं.

गॅब्रिएलला मात्र तिच्या आळणी जेवणाचा राग यायचा. "तू कशाला खातेस हे? मला वाईट वाटेल म्हनून? मी काय लहान हाय?"

"खा गप," एवढंच ती म्हणायची, आणि तो पेटी उचलून बाहेर जायचा.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर आकडा सांगायच्या. थोडा खाली गेला होता तो तिथंच राहिला. पहिल्या वेळी कार्मिनबाय म्हणाली, "तेवढाच? वाढला नाय?" चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, "तेवढाच आहे," तेव्हा तिने बसल्या जागी क्रुसाची खूण केली. गॅब्रिएल औषधं आणायला खाली गेला, तसा डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. भुवया जागच्या जागी राहिल्या. तिच्याही रक्त-लघवीच्या तपासण्या त्यांनी करून घेतल्या होत्या, त्या समोर घेऊन म्हणाल्या, "आता कधी वेळ आली, तर विचार करता येईल."

पुन्हा सप्टेंबर, पुन्हा मोत माऊली. गॅब्रिएलचा बँड वसईच्या लोकांबरोबर वाजवायला आला होता. वाजवून झालं आणि पेटी हातात घेऊन तो आईला शोधत आला, तर ती गेल्या वर्षीच्याच कडेला उकिडवी बसून मेण वळत होती. रुमालावर दोन किडन्या तयार. हातात तिसरी.

"तीन?" त्याला हसूच आलं. "आय, मला काय तीन हायेत?"

"दोन तुझ्या. गेल्या वर्षी मी माऊलीला चुकीचं सांगितलं."

"आनि ही?"

"असू दे."

"असू दे काय? कोनाची ती?"

तिला लपवाछपवी कधी जमलीच नव्हती. "माझी. तुझ्यासाठी ठेवलीय, लागली तर. हॉस्पिटलात मी तेव्हाच देत होते, घेतली नाय डाक्टरीनबाईंनी, माझं प्रेशर तुझ्याएवढं निघालं. आता म्हनाल्या, विचार करता येईल. मंग म्हटलं माऊलीला सांगून ठेवावं, की नीट राहू दे ही."

गॅब्रिएलचं हसू गेलं. "म्हनून आळनी खातेस वर्षभर?"

"मंग काय, मला आवडतं म्हनून?"

"आनि गुडघ्याची गोळी नाय घेत, ती पन..."

"मंग!"

 गॅब्रिएल तिच्यासमोर खाली बसला, पेटी उघडली, ट्रम्पेट बाजूला ठेवला, खालचं लाल मखमलीचं कापड उचललं. खाली गोळ्यांची पट्टी होती. दुखण्याच्या. अर्धी वापरलेली.

कार्मिनबायला आधी कळेना.

"तुझ्या शहाळ्यानं एकट्यानं नव्हतं झालं तेव्हा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "डोकं ठनकायचं. मी रोज घ्यायचो. हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी सकाळी पन घेतलेली. तू सगळं स्वतःवर घेतलंस आनि मी भिंतीकडं बघत पडलो. सोडायची म्हनतो, अजून मधनंमधनं घेतो."

तिचा हात उठला. खरंच उठला, लगावायलाच. वर्षभर ती स्वतःला खात होती, आपण आपल्या हाताने पोराला मारत होतो म्हणून. रात्री उठून तो श्वास घेतोय का बघत होती. संताप असा आला की डोळ्यांपुढे अंधारी. पण उठलेला हात मेणाने चिकट झालेला, आणि समोरचा पोरगा लहानपणी तापात रडायचा तसा ओठ दाबून रडत होता. हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. 

गॅब्रिएलने गोळ्यांची पट्टी तिच्या दुसऱ्या हातात कोंबली. रुमालावरच्या दोन किडन्या उचलून घेतल्या. तिसरी तिच्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

"ही वाहायची नाय," तो म्हणाला. "तुझी तुझ्याकडंच राव दे."